भेंडीच्या पाण्याची धार

भेंडी चिरताना बोटांना तार सुटली की पालम गावाजवळचं आमचं मेंढ्यांचं वाडगं आठवतं. थोडं चिकट काही मिसळलं की पाणी पाइपातून जास्त जोरात का पळतं, हे मला शहरात जाऊन पुढे शिकायचं होतं, वडील नको म्हणत होते. “चिकट पाणी जोरात पळतंय म्हणं! हे शिकायला एवढ्या लांब जायचं?” एका सकाळी मी पिंपातल्या मोटारीला पाइप जोडला. साध्या पाण्याची धार समोरच्या बाभळीच्या अलीकडेच पडली. मग पिंपात भेंडीचं गाळलेलं चिकट पाणी थोडंसं मिसळलं, तर तीच धार बुंध्यावर जाऊन आदळली. मेंढ्या बिचकल्या. “भेंडीतले बारीक, लांब धागे पाइपातल्या पाण्याचे भोवरे शांत करतात,” मी सांगितलं. वडील ओल्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, “असं का व्हायलंय, मला न्हाई कळायचं. तुला कळायलंय ना? मग जा.” आज माझ्या प्रयोगशाळेत संशोधनाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी विचारते, “तुझा प्रयोग घरी करून दाखवलास का?”