क्योक म्हणजे कोणता रंग

मुकाश बाइकेबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझ्या पोटात आजही दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलं तर ते मला किती जड गेलंय हे तुम्हाला कळेल. तो माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. समोर असला की मी ‘बाइके, बाइके’, म्हणजे ‘दादा, दादा’ करतो, अहो-जाहो करतो. इथे नाही करणार.

बिश्केकमध्ये नानच्या एका भट्टीच्या वर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या आहेत. औषधांची दुकानं, दवाखाने, गोदामं, अशांसाठी आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्राम करून देतो. त्या वर्षी डोंगरापलीकडच्या एका गावातल्या बसस्थानकाचं तिकिटांचं काम मिळालं. प्रोग्राम मी लिहिला. एकट्यानं, चौदा महिने. गाडी घाटात बर्फात अडकली तर पुढच्या थांब्यावरच्या तिकिटांचं काय करायचं, अर्धं तिकीट छापून कागद संपला तर ते विकलं गेलं असं धरायचं की नाही, एकाच सीटवर दोन खिडक्यांतून एकाच क्षणी बोट पडलं तर ती कुणाची, असल्या प्रश्नांनी माझे केस गेले.

मग मी तो घेऊन गेलो. दोन नंबरच्या खिडकीवर बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, बसतात, तीस वर्षं झाली. त्यांनी चष्मा पुसला, दहा-बारा तिकिटं काढून बघितली आणि म्हणाल्या, “चालतंय चांगलं. पण दिवसभर याच्याकडे बघायचं म्हणजे दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखं होतंय रे.”

खरं होतं. सगळं करडं होतं, कॉम्प्युटर देतो तसं. मी परत येऊन आठवडाभर खपलो, गडद निळ्यावर पिवळी अक्षरं केली. त्यावर त्यांचा फोन आला, “रिसबेक, डोळ्यांत मिरची घातलीस की काय?”

तेव्हा आमच्या मालकीणबाईंनी, रोझा एजेंनी, मुकाशला आणलं.

मुकाश पंचवीस वर्षं बस आगारात पाट्या रंगवायचा. गाडीच्या कपाळावरचा नंबर, गावाचं नाव, ‘चालकाशी बोलू नये’, सगळं ब्रशनं. मग चिकटवायच्या छापील पाट्या आल्या आणि त्याचं काम गेलं. मुलीनं त्याला कॉम्प्युटर शिकवला. रोझा एजेंनी त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तीन महिन्यांत स्थानकाकडून त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार आली नाही, तर कायम. आली, तर राम राम. छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण उभं करणार होतं? हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

त्याच्या कामाला आमच्यात थीम म्हणतात. माझ्या प्रोग्रामला तो हातही लावत नव्हता. त्याची वेगळी फाइल. बटणाचे कोपरे किती गोल, बटणावर माउस आला की त्याचा रंग किती उजळायचा, दाबलं की काय, दाबता येत नसलं की कसं दिसायचं, अक्षर केवढं, रेघ कितपत जाड. आतला माणूस तोच, कपडे नवे. एवढंच ते काम.

पण तो आधी जाऊन दोन दिवस बुरुलकान एजेंच्या खुर्चीमागे स्टुलावर बसला. चहा पीत. परत येऊन म्हणाला, “चारनंतर त्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं. करडी बटणं दिसतच नाहीत त्यांना, अंदाजानं दाबतात.” चौदा महिन्यांत मी तिथे सहा वेळा गेलो होतो. सकाळच्या गाडीनं जायचो आणि दुपारच्या गाडीनं परत यायचो.

त्यानं छपाईचं बटण मोठं केलं, ‘रद्द’ त्याच्यापासून लांब नेऊन ठेवलं. आमच्या भाषेतली, रशियनमध्ये नसलेली तीन अक्षरं जुन्या टाइपात नुसते चौकोन दिसायची, तो टाइप बदलला. दाबलं की बटण एक ठिपका खाली जाऊन वर यायचं. त्यानं एक नाही, चार थीम केल्या आणि त्यांना घोड्यांच्या रंगांची नावं दिली. ज्या बाईला जो घोडा आवडेल तो तिनं घ्यावा. बुरुलकान एजेंनी तांबडा घेतला आणि काही काम नसताना ते बटण पाच वेळा दाबून बघितलं, असं मला तिथल्या बायकांनीच सांगितलं.

स्थानकप्रमुखाचा फोन आला, तो नेमका मी उचलला. “वा, प्रोग्राम पार बदलून टाकलात की! आता कसा पळतोय!”

माझी एक ओळ बदललेली नव्हती. तो आधीही तेवढाच पळत होता. मी फोन मुकाशकडे दिला आणि खाली जाऊन दोन गरम नान एकट्यानं खाल्ले. त्यानंतर त्याची प्रत्येक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. त्याचं कपाळावर चष्मा चढवणं, त्याचा कान तुटलेला कप, तो आला की रोझा एजेंनी मुद्दाम ताजा चहा टाकणं. मला मात्र सकाळचाच.

शेवटचं काम होतं बसमधल्या सीटांचा नकाशा. रिकामी सीट हिरवी. फोनवरून कुणासाठी धरलेली सीट निळी. धरलेला माणूस अर्धा तास आधीपर्यंत आला नाही, तर खिडकीवरची बाई निळ्यावर बोट ठेवून ती दुसऱ्याला देऊ शकते. विकलेली सीट नकाशावरून नाहीशीच व्हायची. त्यामुळे दिसायचे रंग दोनच.

त्या दिवशी माझी आई गावाहून आली होती, पिशवीभर कुरुत, सुकवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, घेऊन. माझ्यामागे बसून चहा पीत होती. मुकाशनं माझ्या कॉम्प्युटरवर तो नकाशा उघडला आणि तो कप धुवायला गेला. आई वाकून बघायला लागली.

“छान आहे की,” ती म्हणाली. “सगळं क्योक क्योक.”

“कुठलं क्योक, आई?”

“हे सगळंच.” तिनं बोट हिरव्यावरून निळ्यावर आणि निळ्यावरून हिरव्यावर फिरवलं.

आमच्याकडे आभाळ क्योक. गवतही क्योक, हिरवा चहाही क्योक, आणि करड्या घोड्याला विचारलंत तर तोही क्योकच. शाळेत हिरव्याला ‘जाशिल’ म्हणायला शिकवतात, शहरातली मुलं तसंच म्हणतात. पण खेड्यातली जुनी माणसं गवत बघून क्योक म्हणतात आणि समोरच्याला बरोबर कळतं, कारण समोर गवत असतं. पण खिडकीवरच्या बायका एकमेकींना फोनवर विचारतात, आणि फोनवर गवत नसतं. मला ते त्याच क्षणी दिसलं, लख्ख. मुकाशला दिसणं शक्य नव्हतं. पंचवीस वर्षं रंगाचे डबे हाताळलेल्या माणसाला क्योक हा शब्द परवडत नाही, त्याच्या तोंडी डब्यांवरची रशियन नावं.

तो कप पुसत आला. “रिसबेक, जरा नीट बघून दे रे. मी दहा दिवस हेच बघतोय, मला आता चूक दिसायची नाही.”

“बघितलं, बाइके.”

“काही खटकतंय?”

“छे. झकास आहे.”

“नक्की ना? तुझ्याइतकं त्या खिडकीचं काम कुणाला माहीत नाही.”

“रंगातलं मला काय कळतंय? सगळे कौतुक करतायत, म्हणजे चांगलंच असणार.”

तो हसला. फाइलच्या माथ्यावर त्यानं काहीतरी टाइप केलं आणि फाइल पाठवून दिली. आई कुरुत चोखत माझ्याकडे बघत होती. मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. एक तक्रार. छोटीशी. कुणाचं फार नुकसान होऊ नये, पण तीन महिन्यांच्या आत यावी.

दहाव्या आठवड्यात आली.

बुरुलकान एजेंची दाढ काढायची होती. त्यांच्या खिडकीवर जिबेक नावाची मुलगी बसली, शहरात शिकलेली, दुसराच दिवस. तिनं एजेंना फोन लावला. “एजे, कुठल्या सीट देऊ?”

एजेंच्या तोंडात बोळा. “क्योक दिसतील त्या दे गं. बाकीच्या धरलेल्या आहेत, त्यांना हात लावू नकोस.”

जिबेकसाठी क्योक म्हणजे निळा. हिरवा तिच्यासाठी जाशिल. अर्धा तास उरल्यावर तिनं अकराच्या अकरा निळ्या सीट बटाट्याच्या बाजाराला निघालेल्या लोकांना दिल्या आणि चार हिरव्या प्राणपणानं जपल्या. ‘धरलेली सीट नक्की द्यायची का?’ असं विचारणारी पाटी मी आधी ठेवली होती. दर वेळी काय विचारतो मेला, म्हणून बुरुलकान एजेंनीच ती काढायला लावली होती.

त्या अकरा सीट एकाच घराच्या होत्या. मुलीकडे सोयरीक करायला निघालेलं घर, आठवडाभर आधी फोन करून ‘ऐनवेळी येऊ’ असं सांगून ठेवलेलं. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना ते आले. नव्या कोटातला आजोबा, भेटवस्तूंची गाठोडी, अख्खा शिजवलेला मेंढा. सीट चार. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. कोणत्या चौघांनी जायचं यावरून बाप आणि चुलता स्थानकातच एकमेकांच्या अंगावर गेले. आजोबा मेंढ्याशेजारी फरशीवर बसून राहिला. तिकडे मुलीकडच्यांनी दार उघडं ठेवून संध्याकाळपर्यंत वाट बघितली. शेवटी लग्न मोडलं नाही, पण मोडायला आलं होतं.

स्थानकाचं पत्र दोन दिवसांनी रोझा एजेंच्या टेबलावर आलं. आम्हा दोघांना त्यांनी समोर बसवलं.

“रंग कुणी ठरवले?”

“मी,” मुकाश म्हणाला.

“पाठवायच्या आधी कुणाला दाखवलं होतं का?”

माझे कान तापले. मुकाशनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “काम माझं होतं, एजे. मलाच दिसायला हवं होतं.”

रोझा एजेंनी पत्राची घडी केली. “तीन महिन्यांची बोली होती, बाइके.”

“होती. चार दिवस द्या. नीट करतो आणि जातो.”

त्या चार दिवसांत तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. नान आणला तर अर्धा मला दिला. शुक्रवारी दुपारी कान तुटलेला कप कोटाच्या खिशात घालून तो गेला, आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. पण झाला, थोडा झाला.

सोमवारी मी त्याचा नवा नकाशा बघितला. रंग त्यानं काढूनच टाकले होते. रिकामी सीट म्हणजे नुसती पांढरी खुर्ची. आणि धरलेल्या सीटवर एक टोपी. आपली पांढऱ्या लोकरीच्या नमद्याची टोपी, काळ्या काठाची. बसमध्ये जागा धरायची असली की माणूस टोपी सीटवर ठेवून खुशाल चहाला जातो. टोपीवर कुणी बसत नाही, कोणत्याही वयाचा, कोणत्याही शाळेत शिकलेला. इतकं सोपं होतं ते. मी तास-दोन तास त्यात खोट शोधली. सापडली नाही, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

स्थानकात त्या टोपीनं धमाल उडवली. बुरुलकान एजे फोनवर सांगायच्या, “टोपी असेल तिथे बसवू नको गं, दाजी चहाला गेलेत.” महिन्याभरात आणखी सहा स्थानकांनी प्रोग्राम मागितला. शेजारच्या खोलीतून रोझा एजेंचा आवाज आला, “टोपी ना? आमच्याकडच्या मुलानंच केलीय.” ऑफिसात मुलगा म्हणण्यासारखा मी एकटाच उरलो होतो. मी खुर्चीत ताठ बसलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

सहा स्थानकांची नावं घालायला मी त्याची फाइल पहिल्यांदाच उघडली. माथ्यावर दोन ओळी होत्या.

‘नकाशाचे रंग: मुकाश. बघून दिले: रिसबेक.’ पुढे तारीख, आई आली होती त्या दिवसाची.

खाली, ‘टोपी: मुकाश. बघून दिलं:’ आणि पुढे मोकळी जागा.

म्हणजे पत्र आलं त्या दिवशी, रोझा एजेंसमोर, त्यानं नुसती ही फाइल उघडली असती तरी पुरलं असतं. त्यानं उघडली नाही. आणि दुसऱ्या खेपेला त्यानं मला विचारलंही नाही. मला चूक दिसली होती, हे त्याला कळलं होतं.

मी दोन्ही ओळी निवडल्या. एक कळ दाबली असती की गेल्या असत्या, कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. बोट कळीवर ठेवून मी बसलो होतो. खालून भट्टीचा वास येत होता. मग मी उठलो आणि रोझा एजेंना बोलावून आणलं.

त्यांनी दोनदा वाचलं. “तुला दिसलं होतं?”

“आई म्हणाली होती. क्योक क्योक.”

“मग बोलला का नाहीस?”

“पोटात दुखत होतं.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “आता थांबलंय?”

“नाही.”

“जा, बस जाग्यावर,” त्या म्हणाल्या. “तुझं काय करायचं ते नंतर बघते.”

त्यांनी माझ्यासमोरच मुकाशला फोन लावला आणि सगळं सांगितलं, शब्द न गाळता. मी खिडकीबाहेर बघत होतो. पलीकडून त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“येतो की, एजे. पण त्याला काढणार असाल तर नाही येणार. मी नुसती बटणं रंगवतो. दाबल्यावर जे होतं, ते त्यानं केलंय. तसं काम मी आगारात पंचवीस वर्षांत कुणाचं पाहिलं नाही.”

चौदा महिन्यांच्या माझ्या कामाबद्दल कुणी ‘पण’ न लावता बोललेला हा पहिला चांगला शब्द. तो त्यानंच बोलावा, हे मी त्याला अजून माफ केलेलं नाही.