डावीकडची सीट

कामशेतच्या त्या मेकॅनिकचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पवनेच्या रस्त्याला वळणावर माझी गाडी स्टिअरिंग फिरवलं तरी सरळ दरीकडे सरकायची. त्याने दोन्ही हातांनी बॉनेट दाबून पाहिलं.

"पुढच्या स्प्रिंगा लय कडक हायेत. टायर रस्ता धरत न्हाईत."

त्याने नरम स्प्रिंगा बसवल्यावर मी त्याच वळणावर गाडी तपासायला निघालो, तर हात पुसून तो माझ्या डावीकडे, दरीच्या बाजूच्या सीटवर बसला.

"भाऊ, तुम्ही कशाला येताय?"

"काम माजं हाय. चुकलं आसंल तर तुमी एकट्यानंच का जायाचं?"

त्या वळणावर गाडी अलगद वळली. तेव्हा गुडघ्यावर आवळलेली त्याची बोटं सैल झाली. तो घाबरला होता हे मला तेव्हा कळलं. घाबरूनही तो येऊन बसला होता.