दोघांची रुस्ताक सहल, एकट्याने

ओमानमधल्या रुस्ताकला जायचं ठरलं ते एका सिनेमामुळे. दोन बेकार नट, एक ओलसर खोली आणि हवापालट म्हणून खेड्यात जाऊन करून घेतलेले हाल, असा एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा आहे. आमच्याकडे त्याची खरखरीत कॉपी होती. आम्ही म्हणजे मी आणि दिगंबर ऊर्फ दिग्या. पुण्यात प्रायोगिक नाटकं करत एका खोलीत राहायचो, खिशात दमडी नसायची आणि हा सिनेमा पाहून लोळून हसायचो. शेवटी त्यातल्या एकाला काम मिळतं, तो निघून जातो आणि दुसरा मागे राहतो. तिथे आमचं हसणं थांबायचं. आपल्यातला मागे राहणारा कोण, यावर मग वाद व्हायचे.

पुढे मी इकडे मस्कतजवळ रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर झालो, अल खौदला बिऱ्हाड केलं. दिग्या नाटकातच राहिला. वादाचा निकाल लागला होता, फक्त तो कुणाच्या बाजूने लागला ते मला अजून कळलेलं नाही.

या हिवाळ्यात दिग्या नाटकाच्या दौऱ्याबरोबर मस्कतला आला. प्रयोगाच्या दिवशी कारखान्यात शटडाऊन, म्हणजे सगळं बंद ठेवून मशीनची दुरुस्ती, त्यामुळे मला जाता आलं नाही. पण शुक्रवार आमचा होता. इतक्या वर्षांनी मिळालेला एकच दिवस, कारण त्याच संध्याकाळी त्याचं विमान. सिनेमातल्यासारखं दोघांनी खेड्यात जायचं, आणि जमल्यास हालही करून घ्यायचे. आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला, "शुक्रवारी रुस्ताकचं काय रे?" मी मशीनसमोर उभा, हात ग्रीसने माखलेले. एका बोटाने उत्तर दिलं, "खलास." त्याच्याकडून अंगठा आला.

शुक्रवारी सकाळी दोघांपुरत्या बटाट्याच्या पोळ्या करून मस्कतमधल्या रूवीला, त्याच्या हॉटेलवर हजर झालो. बायको आणि मुलगी सुट्टीत पुण्याला, त्यामुळे पोळ्या माझ्याच हातच्या, म्हणजे हालांची सोय झालेली होती. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, "साब, ड्रामावाले तो बस में निकल गये. घूमने." दिग्याचा भारतातला नंबर लागेना, हॉटेलबाहेर इंटरनेट नसल्याने मेसेजही पोचेना. मी लॉबीत बसून राहिलो. माझा मेसेज त्याने वाचला होता, अंगठा दाखवला होता आणि तरी बसमध्ये चढला होता. अस्सल पुणेकराने दुसऱ्या पुणेकराला रूवीत कात्रजचा घाट दाखवला, असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही. रिकाम्या घरी जायचं जिवावर आलं, म्हणून एकटाच निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: बरकापर्यंत हमरस्ता, तिथून आत वळून नखलमार्गे रुस्ताक. रस्ता लोण्यासारखा, साधी गाडी पुरते, आरामात दीड-दोन तास धरा. बरकाला टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. मल्याळी पोऱ्याने विचारलं, "कितना चाय, अर्बाब?" अर्बाब म्हणजे इथला मालक, साहेब. माझ्या तोंडून "दो" निघून गेलं. दोन्ही मीच प्यायलो. शंभर-दोनशे बैसात, म्हणजे इथल्या चिल्लरीत, इतका चांगला कडक चहा मिळतो, फक्त एका वेळी एकच घ्यावा.

नखलला खडकावर बसलेला किल्ला आणि मागे उघडेबोडके करडे डोंगर. दिग्या असता तर किल्ल्याकडे पाठ करून एखादं स्वगत नक्की ठोकलं असतं. मी किल्ल्याचा फोटो काढला. फोटोत मी येण्यासाठी दुसरं माणूस लागतं, त्यामुळे या पोस्टमध्ये माझा एकही फोटो नाही.

रुस्ताकला पोचलो तेव्हा जुम्म्याच्या नमाजाची वेळ, बाजार बंद. ही चूक तुम्ही करू नका, शुक्रवारी एकतर सकाळी लवकर जा नाहीतर दुपारनंतर. मी गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन पाय सोडून बसलो. पाणी चांगलंच कढत आहे, हळूहळू सवय होते. पोळ्यांचा डबा उघडला. नमाज आटोपून एक म्हातारे ओमानी गृहस्थ शेजारी येऊन बसले. माझ्याकडे आणि दोन माणसांच्या डब्याकडे पाहून म्हणाले, "वाहिद नफर?" म्हणजे एकटाच? मी मान हलवली.

"सदीक मा फी?" मित्र नाही?

"मा फी," म्हणालो. दोन शब्दांपुरतं अरबी येतं, आणि नेमके हेच दोन शब्द उपयोगी पडले. मी त्यांना पोळी दिली. त्यांनी खिशातून खजूर काढून माझ्या हातावर ठेवले.

बाजार उघडल्यावर हलव्याच्या दुकानात गेलो. इथला हलवा म्हणजे केशर, वेलदोडा घातलेला, चमच्याला चिकटणारा प्रकार, जरूर घ्या. दुकानदाराने डबा बांधला आणि विचारलं, "खलास?" म्हणजे एवढंच ना, झालं ना? "खलास," मी म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो. इथे काम झालं, खलास. सौदा पक्का, खलास. दिवसभर कारखान्यात हेच चालतं. पण पुण्याहून आलेल्या माणसाने रुस्ताकचं काय विचारावं आणि उत्तर यावं, खलास! एक अक्षरही न बदलता मी ध चा मा केला होता.

तिथून गाडी थेट विमानतळावर. नाटकाची मंडळी बॅगा घेऊन आत शिरतच होती. दिग्या सगळ्यात मागे, केस पांढरे, चाल तीच.

"नंद्या? तू? अरे, तूच म्हणालास ना खलास!"

"इथे खलास म्हणजे ठरलं! पक्कं!"

 तो स्टेजवर हसतात तसा मोठ्याने हसला, आणि मध्येच थांबला. "मला वाटलं, साहेबांना लाज वाटली. प्रयोगालाही आला नाहीस. हवालदाराचं काम आहे माझं, दोन वाक्यांचं. म्हटलं, बरोबर आहे त्याचं."

"मला वाटलं, तू मला टाकून फिरायला गेलास."

"सगळ्यात शेवटी चढलो बसमध्ये. गेटकडे बघत होतो."

मी हलव्याचा डबा पुढे केला. आतून मॅनेजर ओरडला, "दिगंबर, चला, चला!" त्याने मला मिठी मारली, माझ्या शर्टाला अजून बटाट्याचा वास होता. दारातून मागे वळून म्हणाला, "पुढच्या वेळी रुस्ताक. खलास!"

घरी येऊन डबा घासला. उरलेल्या पोळ्या फ्रीजमध्ये ठेवल्या, एकट्याला दोन दिवस पुरतील. रुस्ताक सुंदर आहे, जरूर जा, पण दोघं जा. दिग्याचं ते शेवटचं खलास इथल्या अर्थाने होतं की पुण्याच्या, हे मात्र विचारायचं राहून गेलं.