चांगुणाचं लुगडं

गावात कुणाची आई नाहीतर बाप गेला, की लेकरांना सांगायला मनकर्णाला बोलावणं जायचं. तोंडाची ती फटकळ. घोडेगावच्या बाजारातले जनावरांचे दलालसुद्धा तिला वचकून असत. पण हे काम तिच्यावाचून कुणाला जमत नव्हतं. त्याची सुरुवात तिच्याच भावाच्या घरातून झाली.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर तिची भावजय चांगुणा काविळीनं गेली. मनकर्णाला ना नवरा राहिला होता, ना मूलबाळ. चार दिवसांसाठी म्हणून ती भावाच्या, भिमाजीच्या घरी आली आणि कायमची राहिली. धाकट्या छगनचं काही अवघड नव्हतं. भाकर दिसली की तो रडं विसरायचा. घोर होता सहा वर्षांच्या द्वारकाचा.

मौतीच्या दिवशी पोरीला शेजारच्या रतनबाईकडं ठेवलं होतं. रतनबाईनं कनवाळूपणानं सांगून टाकलं, "तुजी आई जामखेडाला माहेरी गेली. येताना तुला बांगड्या आनंल." मग सगळ्या गावानं तेच धरून ठेवलं. पोरगी दिवसभर दारातल्या दगडावर बसायची, एस्टीच्या रस्त्याकडं डोळे लावून. आपल्यातली अर्धी भाकर फडक्यात बांधून ठेवायची, आईसाठी. फडकं फुगत चाललं आणि पोरगी वाळत चालली.

म्हैस चंद्री तशीच अडून बसलेली. रेडकू लावलं तरी पान्हवेना, भिमाजीला तर जवळच येऊ देईना. एका लाथेत चरवी उकिरड्यावर.

"आक्का, शुक्रवारी घोडेगावला नेतो हिला."

"नेशील! मंग लेकरं काय तुज्या मिशा चाटत्याल?"

गोठ्यातल्या खुंटीवर चांगुणाचं जुनं हिरवं लुगडं होतं. धार काढताना ती तेच नेसायची. जनावर माणूस वासानं ओळखतं, हे मनकर्णाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते लुगडं नेसलं, पदर पार कपाळावर ओढला आणि चंद्रीखाली बसली. चंद्रीनं मान वळवून हुंगलं, नाकातनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. चरवीत धार वाजायला लागली.

ती धार द्वारकानं ऐकली. पळत आली, हिरवं लुगडं बघितलं आणि पाठीमागून गळ्याला मिठीच मारली.

"आये! कवा आलीस गं?"

मनकर्णानं तोंड वळवलं. पोरीनं बघितलं आणि तिच्या पाठीवर बुक्क्यांचा पाऊस पाडला. "काढ! माज्या आईचं हाय ते! काढ!"

भिमाजी दारात उभा. "आक्का, सांग की तिला, आई उद्याच्या गाडीनं येतीया म्हनून."

"तू गप रं," मनकर्णा म्हणाली. "द्वारके, तुजी आई मेली. जामखेडाला न्हाई, कुटंच न्हाई. आता न्हाई येनार ती."

पोरगी थबकली. "चंद्रीला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मंग तू तिला फसीवलंस."

"व्हय, फसीवलं. दूध पायजे हुतं."

मग पोरीनं जो टाहो फोडला, तो शेवटच्या आळीपर्यंत गेला. म्हशीनं पान्हा सोडल्यावर मधेच उठता येत नाही, उठलं तर ती पुन्हा आटते. मनकर्णानं एका हातानं पोरीला ओढून पदराखाली घेतलं आणि दुसऱ्या हातानं धार चालू ठेवली. गप्प बस म्हणाली नाही. द्वारका आईच्या लुगड्यात नाक खुपसून रडत राहिली.

बऱ्याच वेळानं पदराखालून आवाज आला, "आई धार आशी न्हाई काढायची."

"मंग कशी?"

"आदी पाठीवर थाप मारायची. आन 'हौ गं बाई' म्हनायची."

"मंग म्हन की. तोंड हाय ना?"

द्वारकानं शेंबूड पुसला, चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "हौ गं बाई!" चंद्रीनं कान हलवले.

चरवी भरली तशी मनकर्णानं ते फडकं सोडलं. वाळून खापरं झालेल्या भाकरी परातीत चुरल्या आणि वरून ऊन ऊन दूध ओतलं.

"ते आईचं हाय," द्वारका म्हणाली.

"म्हून तर तुला देतीया."

पोरगी परातीशी बसली. पहिला घास अडकला, दुसरा गेला, मग हात थांबेचना. दुधाच्या वासानं छगन डोळे चोळत आला. मनकर्णा चंद्रीपुढं कडबा टाकत ओरडली, "आगं, समदं गिळू नगंस! भावाला ठिव!"