न तपासलेली नजर

हे मी आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. ऐंशीच्या दशकात भिवंडीत दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागात असिस्टंट असताना मी मोतीबिंदूच्या रजिस्टरात खोटी नजर लिहायचो.

कॅम्पमधल्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी पेशंटला तपासायचं, नजर लिहायची. ६/१८ म्हणजे चांगल्या डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते याला सहावरून; ऑपरेशननंतर एवढी नजर 'चांगली' धरायचे. पण पावसात भाताची आवणी सुरू झाली की फॉलोअपला येतंय कोण? रिपोर्ट मात्र वेळेवर जायला हवा. मी खुर्चीत बसून ६/१८ टाकत गेलो.

पुढे नव्या डॉक्टरबाई आल्या. रजिस्टर चाळून म्हणाल्या, "काय हो, अख्ख्या तालुक्याची नजर एकसारखी?"

"कॅम्प चांगला झाला, मॅडम."

"मग बघूनच येऊ. जीप काढा."

अंबाडी गावाच्या पुढे एका पाड्यावर रजिस्टरातली सखूबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. चाचपून.

"आजी, चष्मा कुठाय?"

"हाय ना, पेटीत. घातला तरी धुरळाच दिसतो."

"मग सांगायचं नाही?"

"डाक्टरनी दिलेल्याला नावं कशी ठेवू?"

तेव्हा कॅम्पमध्ये डोळ्यात लेन्स बसवत नव्हते; जाड भिंगाचा चष्मा द्यायचे. आम्ही एकाच खोक्यातून सगळ्यांना एकच नंबर वाटला होता. बाईंनी चष्मा घालायला लावून लांबून बोटं दाखवली. आजीला ती मोजता येईनात. मग चष्म्यापुढे बारीक भोकाचं काळं कार्ड धरलं.

"तीन! आन् हातात बांगडी न्हाय तुज्या!"

भोकातून दिसतं म्हणजे डोळा चांगला, नंबर चुकलेला. सर्जनने काम चोख केलं होतं. जीपमधल्या भिंगांच्या पेटीतली बरोबर काच लावली, तशी आजी भिंतीकडे वळली.

"सूनबाय, सारवलं कवा गो? पोपडं सुटलंत!"

"झालं! आता माझं काय खरं न्हाय," सून म्हणाली. पण हसत होती.

परतताना बाईंनी विचारलं, "हे ६/१८ आलं कुठून?"

"लिहिताना चूक झाली असेल, मॅडम."

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा नियम झाला: पेशंट आला नाही तर घरी जायचं, आणि भेट होईपर्यंत नजरेचा रकाना कोरा. कागदावरचे निकाल खाली आले. चष्मे बदलले, तशी माणसं एकट्यानं बाजारात दिसू लागली.

कोरा रकाना भरायला कुणीतरी जातं. भरलेल्याकडे कुणी फिरकत नाही.

म्हणूनच जुन्या वर्षांच्या पेशंटांकडे कुणी गेलं नाही. रजिस्टरात त्यांची नजर 'चांगली' होती. त्यांच्या दारात जाऊन डोळे तपासणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.