उलटा रिड्यूसर

माझ्या आत्याला आमच्या भागातले सगळे कारखाने ‘पानाबाई’ म्हणूनच ओळखायचे, कारण हातात कायम नट आवळायचा पाना. पंपांची पाइपलाइन जोडणं हा तिचा धंदा. आजोबांच्या हाताखाली शिकली आणि ते थकल्यावर त्यांची हत्यारांची पेटी तिनेच उचलली. चाळिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, “वेळ कुठाय मला?” आणि खरंच नसायचा.

एका कागदाच्या कारखान्यात तिने नवा पंप जोडला. जमिनीखालच्या टाकीतून पाणी ओढून मशीनला द्यायचं. पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी वर येऊ देणारी, पण परत खाली न सोडणारी झडप. काम चोख झालं, असं तिला वाटलं. पण पंप सकाळी झकास चालायचा आणि दुपार झाली की नुसता घरघरायचा. मग तिथल्या ऑपरेटरचा फोन.

“बाई, पाणी ओढत नाहीये हो.”

आत्या जायची, पाइपात पाणी भरून हवा काढायची, की पंप चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तिने फूट व्हॉल्व्ह वर काढून धुतला, वॉशर बदलला, सांध्यांना साबणाचा फेस लावून कुठे आत ओढला जातोय का ते पाहिलं. कुठेच काही नाही. तिच्या नाकी नऊ आले.

ऑपरेटर विधुर होता. शांत माणूस. पंपघराच्या खिडकीत एका फुटक्या पंपाच्या कवचात त्याने पुदिना लावला होता आणि आत्या आली की त्याची चार पानं चहात पडायची. त्यावरून कारखान्यात कुजबुज सुरू झाली, की हाच नट सैल करून ठेवतो, बाईंनी यावं म्हणून. ते आत्याच्या कानावर गेलं आणि तिचं डोकं फिरलं. तडक पंपघरात जाऊन तिने विचारलं, “नट तुम्ही सैल करता का?”

त्याचा चेहरा उतरला. “पंप थांबला की मशीन थांबतं, आणि बोलणी मला बसतात. तुमच्यासाठी मी बोलणी खाईन?” मग पुदिन्याकडे बघत म्हणाला, “खाईनही. पण नटाला हात नाही लावणार.”

 आत्या तिथेच उपड्या बादलीवर बसली. इतके दिवस ती सारखी टाकीत वाकून बघत होती, आता पहिल्यांदाच पाइप डोळ्यांसमोर आला. आणि तिने जीभ चावली.

“अगं बाई! उलटा बसवलाय मी!”

जाड पाइप पंपाच्या बारीक तोंडाला जोडणारा तुकडा, रिड्यूसर, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरता असतो. सपाट बाजू वर हवी. तिने ती खाली टाकली होती. वरच्या फुगवट्यात हवा साठत जायची आणि दुपारपर्यंत पंपाचा घसा कोरडा.

“हसा आता,” ती म्हणाली.

“हसत नाहीये,” तो हसत म्हणाला.

तुकडा फिरवायचा तर पाइपही थोडा खाली घ्यावा लागणार होता. तिने टेकू कापून बुटका केला, तोवर पाइपचं ओझं त्याने खांद्यावर पेललं. दोघं घामाघूम झाली. नट आवळून पंप सुरू केला आणि दाबाचा काटा वर गेला तो संध्याकाळपर्यंत हललाच नाही. कारखान्यात आत्याने सगळ्यांना स्वतःच सांगितलं, चूक माझी होती, आणि त्या माणसाचं नाव घ्याल तर याद राखा.

त्यानंतर फोन यायचा थांबला. आत्या घरात उगाचच भांडी आपटायला लागली. आई म्हणाली, “पंप चालतोय ना? मग का चिडतेस?”

“चालतोय म्हणूनच!” आत्या म्हणाली आणि मग स्वतःच दचकली.

एका सुट्टीच्या दिवशी दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट घालून ऑपरेटर उभा.

“काय झालं? बंद पडला?”

“नाही. उत्तम चाललाय.”

“मग?”

“तेच सांगायला आलो.”

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, पण तो गदागदा हलत होता.

लग्न साधंच झालं. नवऱ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, नळाला जेमतेम धार. आत्याने पहिल्याच आठवड्यात इमारतीचा पंप खोलला. आता पाणी इतक्या जोरात येतं की खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करतात, नळाखाली नुसता हात धरला तरी अंघोळ होते.