पितळी पाटीवरचा साहेब

मावशी आधी पाटीवर तोंडाची वाफ सोडायची, मग पदराने पुसायची. आणि मागे न बघताच म्हणायची, "लांब व्हा रं. माझ्या साहेबाला हात लावायचा न्हाई."

साताऱ्याच्या कॅम्पातलं आमचं इंग्रजांच्या वेळचं दगडी चर्च तुम्ही निदान बाहेरून तरी पाहिलं असेल. आत भिंतीभर मेलेल्या गोऱ्यांच्या पितळी पाट्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी त्या घासायच्या. कुठली पाटी कुठल्या घराची, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. आमच्या घराला पाटी नव्हती. वडील वीटभट्टीवर, आई लोकांची धुणी धुवायची, आणि चर्चच्या मंडळीत आम्ही सगळ्यांत उशिरा आलेलो. आमच्या वाट्याला बाहेरच्या पायऱ्या.

मावशी आमच्या शेजारची, मिशन दवाखान्यातली आया. तिची पाटी सगळ्यांत मोठी, वेदीजवळची. एकदा आईने भीत भीत चर्चच्या कमिटीला विचारलं, "आमाला बी एखादी द्या की, बारकी असली तरी चालंल."

उत्तर मावशीनेच दिलं. "आवं, पायऱ्या काय वाईट हायत? समदी मंडळी तुमच्यावरनंच आत येती की!"

सगळे हसले. आईही हसली. मी नाही हसले.

तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना सोडून मी ती पाटीच वाचत बसायचे. अर्थ कळत नव्हता तरी अक्षरं लावायचे. बायबलच्या वचनांआधी मला ती पाटी पाठ झाली. पुढे इंग्रजी शिकल्यावर अर्थही लागला. सांगलीला कॉलेज केलं, इतिहास घेऊन बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिली. साताऱ्यात परत येऊन शाळेत लागले. वाटलं, आता चर्च बघायला येणाऱ्यांना माहिती मीच सांगणार.

कसलं काय! लोकांना मावशीच हवी. "आमचा साहेब लय मोठा कर्नल. मिशा ह्या अशा! वाघावर गोळी झाडली, वाघ बी मेला आन् ह्यो बी मेला." पाहुणे तिच्यासोबत फोटो काढायचे. मी पदवी घेऊन खांबाशी उभी. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही. पाटी तिची होती. निदान मजकूर तरी माझ्या एकटीचा; मावशी बोलायला लागली की पाटी वाचायला कोण थांबतंय!

मग जुन्या वास्तूंच्या सरकारी वारसा-यादीसाठी पाहणी करायला पुण्याहून एक साहेब आले. एकेका पाटीवरचा मजकूर वहीत उतरवून घेत ते मावशीच्या पाटीपाशी थांबले. बॅटरी मारली, तिरपं होऊन पाहिलं.

"ही कशाने घासता?"

"चिंच आन् विटेची भुकटी. लगीन होऊन आले तवापासनं, दर शनवारी," मावशी ऐटीत म्हणाली.

"अहो मावशी, अक्षरं गेली सगळी. आता ही नोंद कोरीच राहणार."

मावशीने पाटीवरून बोट फिरवलं. पितळ आरशासारखं गुळगुळीत. "माझ्याच्यानं गेली व्हय?" तिने विचारलं. खोटं कशाला सांगू, तो क्षण मला आवडला.

मग मी पुढे झाले आणि न अडखळता सगळा मजकूर म्हणून दाखवला. आधी इंग्रजीत, मग मावशीसाठी मराठीत. नाव, पलटण. लेफ्टनंट. वय तेवीस. तापाने मृत्यू. सोबत्यांनी आठवणीसाठी पाटी लावली.

"तेवीस?" मावशी खाली बाकावर टेकली. "म्हंजे पोरगंच की गं. आन् तापानं? नुसत्या तापानं?" मग पाटीकडे बघत पुटपुटली, "माझ्या वार्डात असता तर रातभर पट्ट्या ठेवल्या असत्या रं."

मला वाटलं, आता जिंकले. पण बाहेर पडताच ती बायकांना सांगत होती, "पोरीला समदं तोंडपाठ! शिकवलंय कुणी? मीच की!" दुसऱ्या दिवशी पेपरात पाहणीच्या बातमीसोबत फोटो आला तो पाटीशेजारी उभ्या मावशीचा.

गेल्या थंडीत मावशी गेली. तिची सून कुपवाडला कारखान्यात कामाला, तिला पाटी नको होती. मी कमिटीकडे मागायला गेले, तर कळलं की यादीतल्या वस्तूंना आता कुणीच हात लावायचा नाही. म्हणजे ती पाटी शेवटपर्यंत मावशीचीच राहिली. ह्याची जळजळ अजून आहे.

पण चर्च यादीत लागलं. त्या पाटीची नोंद कोरी नाही. मजकुराखाली 'माहिती सांगणार' म्हणून माझं नाव छापलंय, वडिलांच्या नावासकट आणि आमच्या आडनावासकट.